पाहुण्यांचं रक्त आधी

महानंदा मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली शेंगाचटणी नाकाशी नेली, झाकण लावलं आणि डबा माझ्यासमोर सरकवला. "पंधरा दिवसांची हाय. खाऊ नको." चटणी माझ्या आईनं बार्शीहून प्रेमानं दिलेली, आणि सोलापूरच्या त्या कॉलेजात जीवरसायनशास्त्राची नवी प्राध्यापिका म्हणून मी जेमतेम दोन तास जुनी. मला रागच आला. संध्याकाळी आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "पंधरा नाही गं, सोळा झाले असतील."

मॅडम आमच्या विभागप्रमुख. अक्कलकोटला त्यांच्या वडिलांचा करडईच्या तेलाचा घाणा होता. घरात कन्नड आणि दुकानात मराठी अशा त्या वाढल्या. तेल नुसतं हुंगून ते कालचं की महिन्याभरापूर्वीचं हे त्या सांगत, आणि यात त्या चुकल्याचं मला आठवत नाही. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पदर कमरेला खोचलेला, ॲप्रनच्या खिशात कायम दोन-चार लवंगा. कुठलाही वास घेऊन झाला की एक लवंग हुंगायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "पाटी पुसून घेते."

मुलांनी त्यांचं नाव खवट मॅडम ठेवलं होतं आणि ते दोन्ही अर्थांनी बसत होतं. एका दिवाळीत प्राचार्यांच्या घरी फराळाला आम्ही सगळा स्टाफ गेलो होतो. प्राचार्यांच्या पत्नींनी चिवडा पुढे केला. मॅडमनी बशी नाकाशी नेली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, मसाला झकास हाय, पण खोबरं खवट." आम्ही सगळे बशीकडे बघत बसलो. घरी जाताना मी म्हटलं, "मॅडम, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" त्या खरोखरच विचारात पडल्या. "लोकं तेच खाल्ली असती की," म्हणाल्या.

त्यांची आणखी एक रीत कॉलेजभर गाजलेली होती. तोंडी परीक्षेत एखाद्याला उत्तर आलं नाही आणि तो थापा मारायला लागला, तर शून्य. पण "माहीत नाही" असं सरळ म्हणाला, तर अर्धा गुण. पोरं बिलंदर. एका वर्षी एकानं दहाही प्रश्नांना "गोत्तिल्ल" असं कन्नडमध्ये उत्तर दिलं, मॅडम खूश होतील म्हणून. मॅडमनी त्याला पाच गुण दिले. मग जवळ बोलावून म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी सांग, कशानं माहीत होईल?" तो पोरगा आता कुठल्याशा औषधाच्या कंपनीत मोठा साहेब आहे, आणि ही गोष्ट तोच सांगत फिरतो.

त्यांचा अभ्यासाचा विषयही शेवटी खवटपणाचाच होता, फक्त अंगातल्या. तो त्या कुणालाही समजावून सांगत. मी सगळ्यात चांगला ऐकला तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. समोर तीस-चाळीस कामगार डबे उघडून बसले होते.

"तुमच्या अंगातल्या एकेका पेशीला तेलकट पातळ अस्तर असतंय," मॅडम म्हणाल्या. "बाटलीतलं तेल हवेत राहिलं की खवट होतंय का न्हाय? तसं हे अस्तरपण होतंय. धुळीनं, धुरानं, उष्णतेनं, वयानं. खवट झालं की त्याचे बारीक तुकडे पडतात. ते तुकडे कुसळासारखे. रानातनं आलं की लुगड्याला कुसळं लागतात की, तसे ते गावंल त्याला टोचून बसतात. आता पेशीत एक राखणदार असतोय. त्यानं एका निरोप्याचा हात धरून ठेवलेला असतोय. कुसळ राखणदाराच्या हातात घुसलं की त्याची पकड सुटती. निरोप्या पळत मधल्या खोलीत जातो आणि ओरडतो, उठा, घरात खवट झालंय! मग सगळी पेशी झाडलोट करायला लागती."

"म्हंजे कुसळ चांगलंच की," पुढे बसलेली एक बाई म्हणाली.

"थोडं असंल तर चांगलंच. जाग येती. लई झालं तर झाडलोट पुरी पडत न्हाय. मग पेशी स्वतःच आवरून घेती, मरून जाती."

ही बाई नरसम्मा. घरात तेलुगू बोलणारी, विणकरांच्या कुटुंबातली. मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं काम ती वीसेक वर्षं करत होती. बोलता बोलता तिला खोकला यायचा आणि तो थांबेपर्यंत समोरच्यानं थांबायचं असा तिच्याशी बोलण्याचा रिवाज झाला होता. डॉक्टर तिला म्हणाले होते, वयामुळे आहे. ती तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

मॅडमना पडताळायचं होतं ते एवढंच: दिवसभर कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या रक्तात हे खवट तुकडे आमच्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांपेक्षा जास्त असतात का. चाळीसेक कामगारांचं रक्त घ्यायचं, कॉलेजातल्या तेवढ्याच लोकांचं घ्यायचं आणि तुलना करायची. रीतसर परवानगी आली, संमतीचे कागद मराठीत आणि तेलुगूत झाले. पहिल्या दिवशी कॉलेजात आलेले कामगार सुईला घाबरले, तर मॅडमनी सगळ्यांसमोर स्वतःची बाही वर केली आणि मला म्हणाल्या, "घे माझं." ती पहिली नळी.

तेवढ्यात प्राचार्य आले. फोटो काढणारा बरोबर होता. "मॅडम, आज आमचंही घ्या. निम्मे ते, निम्मे आपण."

मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू पंगतीत यजमानच पहिल्या पाटावर येऊन बसला आहे. "सर, पाव्हणे आलेत. घरच्यांनी मागनं बसायचं असतंय."

झालं. पाहुण्यांचं आधी. एकाआड एक सुट्टीला चार-पाच कामगार उपाशीपोटी यायचे, रक्त द्यायचे, आणि मग मॅडम स्वतः केलेलं उपीट त्यांना वाढायच्या, वरून आग्रह करायच्या. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हे चाललं. नळ्या फ्रीजरमध्ये, शून्याखाली वीस अंशांवर. दिवाळीनंतर आम्हा घरच्यांची पाळी आली. मॅडमनी तेव्हाही स्वतःचं रक्त पुन्हा दिलं, कारण त्या घरच्याही होत्याच. डिसेंबरात सगळ्या नळ्या एकाच दिवशी तपासल्या. "एकच दिवस, एकच पाणी, एकच हात," मॅडम म्हणाल्या. "कुणावर अन्याय नको."

या तपासणीत खवटपणा जितका जास्त तितका गुलाबी रंग गडद येतो. कामगारांच्या नळ्या गडद गुलाबी आल्या. आमच्या फिकट. कुणी डोळे मिटून सांगावं इतका फरक होता. मॅडम स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ त्या दोन रांगांकडे बघत राहिल्या. आनंद झाला होता, पण तो दाखवायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी म्हणाल्या, "बिचारे."

वर्षभरानं लेख छापून आला. मॅडम कारखान्यात गेल्या आणि कामगारांना सांगितलं. नरसम्मा उठून उभी राहिली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मॅडम, आता आमचं खोकणं खरं झालं."

मी त्या क्षणी रडले, हे कबूल करते. वीस वर्षं खोकणाऱ्या बाईला आपला खोकला खरा ठरायला कागद लागतो, याचं मला वाईट वाटलं, आणि तो कागद आपण दिला याचा अभिमानही. कारखानदारही त्या मानानं बरा माणूस. त्यानं भिंतीत धूळ बाहेर ओढणारे चार मोठे पंखे बसवले आणि दर सहा महिन्यांनी छातीची तपासणी करायचं कबूल केलं.

पंखे सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी मी एका व्याख्यानासाठी तक्ता करत होते. सहज म्हणून नोंदी रक्त घेतल्याच्या तारखेप्रमाणे लावल्या. फेब्रुवारीतल्या नळ्या सगळ्यात गडद. मार्चच्या जरा कमी. जूनच्या आणखी कमी. आमच्या, नोव्हेंबरच्या, सगळ्यात फिकट. रंग माणसाप्रमाणे बदलत नव्हता, तारखेप्रमाणे बदलत होता. फ्रीजरमध्ये, उन्हाळ्यात वीज जात-येत असताना, नळीतलं रक्तच हळूहळू खवट होत गेलं होतं. ज्यांचं आधी घेतलं त्यांचं जास्त. आम्ही कारखान्याची धूळ मोजली नव्हती, आमचा आदरसत्कार मोजला होता.

आणि ही चूक त्या बाईची, जिनं आख्ख्या सोलापूरच्या चटण्या हुंगल्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वयंपाकघरातलं सगळं खवट होतं हे जिला माहीत, तिला आपल्या फ्रीजरातलं रक्तही खवट होईल हे सुचलं नाही, कारण तिथे वास येत नाही.

मी वही मिटली. कुणाला काही बोलले नाही. स्वतःला सांगितलं की आधी आलेले कामगार वयानं मोठे असतील. मग सांगितलं की पंखे फिरतायत, त्यानं कुणाचं वाईट होतंय का? मला कुसळ टोचलं होतं, पण माझ्यातल्या राखणदारानं पकड काही सोडली नाही. चार महिने मी मॅडमसमोर बसून डबा खाल्ला.

जूनमध्ये मॅडमना ते आपोआप सापडलं. त्या पुढच्या अभ्यासासाठी जुने आकडे चाळत होत्या आणि त्यांना स्वतःच्याच दोन नोंदी दिसल्या. फेब्रुवारीची मॅडम गडद गुलाबी, नोव्हेंबरची मॅडम फिकट. बाई एकच. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा वही उघडी होती आणि त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"वैशाली, इकडं ये. हे बघ." मी बघितलं. बघताना माझ्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही, आणि त्यांनी ते न आलेलं आश्चर्य टिपलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"फेब्रुवारीपासून. मॅडम, पंखे सुरू झाले होते. मला वाटलं…"

"मला शिळं वाढलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी खात होते आणि तू बघत होतीस." त्यानंतर तीन आठवडे त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मला पाहिजे असलेली बाटली त्या टेबलावर ठेवत आणि निघून जात. मला ते भोगणं भाग होतं.

लेख मागे घेतो असं पत्र त्यांनी त्याच दिवशी पाठवलं. प्राचार्यांनी समजावून बघितलं. "मॅडम, कोण बघतंय? कामगारांचं भलंच झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची." मॅडम म्हणाल्या, "सर, त्या मुठीत माझा हात हाय." आणि दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. मला बरोबर ये म्हणाल्या नाहीत, पण येऊ नको असंही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी मागे गेले.

टॉवेलच्या गठ्ठ्यापाशी उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. फ्रीजर, तारखा, पाहुणे, सगळं. मराठीत सांगितलं आणि मग मोडक्यातोडक्या तेलुगूत. मग नरसम्मा म्हणाली, "म्हंजे आमचं खोकणं खोटं?"

"न्हाय गं बाई. खोकणं खरं हाय. माझी नळी खोटी."

"मग धुळीनं होतंय का न्हाय?"

"ते मला माहीत नाही. वाटतंय होत असंल. पण मोजलेलं नाही."

"तुमी तर होतंय म्हणला होताव."

"चुकीचं म्हणाले होते."

नरसम्मा खाली बसली. तिच्या शेजारचा माणूस तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि दोघं-तिघं हसली. मला तेलुगू येत नाही. मॅडमना थोडं येत होतं. त्यांनी मान खाली घातली.

पुढच्याच आठवड्यात पंखे बंद झाले. मॅडम कारखानदाराकडे गेल्या, मी पुन्हा मागे. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगितलाव की, धुळीनं काय होत न्हाय म्हणून."

"मी 'होत नाही' म्हटलं नाही. 'माहीत नाही' म्हटलं."

"त्यात काय फरक हो, मॅडम?"

तीस वर्षं त्यांनी हा एकच फरक शिकवला होता. त्यासाठी अर्धे-अर्धे गुण वाटले होते. कारखानदाराला तो त्यांनी पाऊण तास समजावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दारापर्यंत सोडायला आला. पंखे बंदच राहिले. बाहेर आल्यावर मॅडमनी लवंगेसाठी खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "वैशाली," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "तू गप्प बसलीस ते चूकच. पण मी बोलले त्यानं काय झालं ते बघितलंस ना?" मॅडम बरोबर होत्या हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्या बंद पंख्यांकडे बघून मला त्यांचा राग यायचा.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांनी नव्यानं सुरुवात करायची ठरवली. या वेळी एक कामगार आणि त्याच्याच वयाचा एक घरचा माणूस, शेजारी शेजारी, एकाच सकाळी. आणि नळ्या त्याच दिवशी तपासायच्या. पण पाहुणे येईनात. "परत कशाला? परत खवट हुईल की," असं म्हणून लोक हसायचे. आम्ही वस्तीत घरोघर फिरलो. शेवटी दहा जण आले. नरसम्मा दहावी. माझं वय तिच्याजवळचं, म्हणून तिच्याशेजारी मी बसले.

मॅडम तिची शीर शोधत होत्या तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, काय निघालं तर आधी मला सांगा. मालकाला नगं."

"सांगते. काही निघालं नाही तर तेही येऊन सांगते."

"ते तर तुमी सांगताच की," नरसम्मा म्हणाली. मॅडमचा हात थांबला. मग त्यांनी सुई टोचली, आणि नंतर माझ्या दंडाला पट्टी बांधली.

दहा जोड्या. सहांत कामगाराची नळी गडद होती, चारांत घरच्या माणसाची. माझी आणि नरसम्माची शेजारी ठेवल्यावर मला फरकच कळेना. दहा जोड्यांवरून काही म्हणता येत नाही, हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मॅडमनी आकडे तीनदा तपासले. दोनशे जोड्या लागतील, म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

आता त्या अक्कलकोटला भावाकडे असतात. फोनवर बोलतात, इकडे मात्र येत नाहीत. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात, नरसम्माच्या दारात. सकाळचे दहा वाजले असतील. नरसम्माची त्या दिवशी कारखान्यात पाळी नव्हती. मॅडम चपला बाहेर काढून आत गेल्या, खाली बसल्या आणि दहा जोड्यांचं सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही, काहीही वाढवलं नाही. नरसम्मानं मधे एकदाही तोडलं नाही. खोकला आला तेव्हा मॅडम थांबल्या, आणि तो सरल्यावर वाक्य पुरं केलं. मी उंबऱ्याशी उभी होते.

नरसम्मानं हातातल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मॅडम, एक बोलू? राग मानू नका. आता तुमी येऊ नका."

तिनं बोटाचा पदर सोडला.

"तुमी दारात दिसलाव की मला वाटतंय, आज तरी काय तरी सांगतील. मग दिवसभर काम सुचत न्हाय."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उठल्या, बाहेर आल्या आणि चपला घालायला लागल्या. उजवी डाव्या पायात जात होती. त्यांनी ती काढली, पुन्हा तीच तशीच घालायला गेल्या. मी पुढे झाले, पण त्याआधी नरसम्मा उंबरा ओलांडून आली होती. तिनं वाकून हातानं दोन्ही चपला सुलट करून मॅडमच्या पायांपुढे ठेवल्या, आणि त्या घालून होईपर्यंत त्यांचं कोपर धरून उभी राहिली.